बंदराची भिंत आणि गिल्बर्ट हवालदार

लॉरिस्टन बंदरात पोलीस म्हणजे गिल्बर्ट मॅकस्किमिंग, आणि तुरुंगाचा अधिकारीही तोच. बंदरामागच्या ओटागो प्रांतात सोनं सापडलं तेव्हा धडधाकट माणसं कुदळी घेऊन डोंगरात पळाली. मागे उरलेल्यांत गिल्बर्ट सगळ्यांत उंच, म्हणून पोलिसाची टोपी त्याच्या डोक्यावर आली. मूळचा तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मासळीची पिंपं बनवणारा. कुणावर हात उगारणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि तशी वेळही येत नसे. त्याचे कैदी म्हणजे जहाजावरून पळालेले खलाशी, नाहीतर पिऊन रस्त्यात आडवे झालेले गावकरी. सकाळी त्याची बायको ग्रिझेल सगळ्यांना एकाच टेबलावर ओटची पेज वाढायची. कैद्यांना आधी, नवऱ्याला मागून. कैद्यांना कामावर जायचं असतं, हे तिचं म्हणणं.

काम होतं बंदराच्या भिंतीचं. हिवाळ्यात समुद्र सरळ बाजारात शिरायचा. पाववाल्याच्या पिठात एकदा जिवंत खेकडा निघाला होता. पण दारुड्यांनी रचलेली भिंत ती. दुपारी रचावी, भरतीला पडावी.

मग हेक्टर टलक आत आला. हेक्टर अस्सल गवंडी. पिऊन त्याने मॅजिस्ट्रेट ऑगिल्वी साहेबांच्या घोड्याला भर रस्त्यात सलाम ठोकला होता आणि वर बसलेल्या साहेबांना म्हणाला होता, "तुम्ही जरा गप्प बसा, मी मॅजिस्ट्रेटशी बोलतोय." तीन महिने सक्तमजुरी झाली. शुद्धीवर आलेल्या हेक्टरने भिंत पाहिली, कपाळाला हात लावला आणि ती पायापासून उपसली. तीन महिन्यांत अर्धी भिंत अशी उभी राहिली की लाटा थबकून परत जायच्या. मग शिक्षा संपली. हेक्टर सुटला आणि थेट चर्चमध्ये जाऊन दारू सोडल्याची शपथ घेऊन बसला.

ऑगिल्वी साहेबांनी गिल्बर्टला बोलावून घेतलं.

"हेक्टर सुटला कसा?"

"शिक्षा संपली, साहेब."

"भिंत संपली का?"

"नाही."

"मग?"

"मजुरीवर ठेवू या त्याला," गिल्बर्ट म्हणाला.

"जो माणूस फुकट राबला त्याला आता पैसे द्यायचे? माणूस आहे, कधी ना कधी चुकेल. तुम्ही लक्ष ठेवा."

गिल्बर्ट लक्ष ठेवू लागला. हेक्टर पाव आणायला गेला की हा मागे, मासे धरायला गेला की हा खडकावर. हेक्टरच्या ते लगेच ध्यानात आलं.

"हवालदार, शिंक येतेय. देऊ का?"

"दे की. कायद्यात काही नाही त्याचं."

"बघा हं, नंतर म्हणाल."

गिल्बर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हिवाळा तोंडावर आला होता आणि साहेब रोज विचारत होते. शेवटी घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी त्याने मन घट्ट केलं आणि हेक्टरला खाणावळीत नेलं.

"एक पेला घे. माझ्याकडून."

"शपथ आहे. मी चहा घेतो. तुम्ही घ्या."

आता व्हिस्की किती चांगली आहे हे दाखवायचं तर स्वतः पिणं आलं. लग्नापासून गिल्बर्ट थेंबाला शिवला नव्हता. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, "वा" म्हणाला. हेक्टरने चहात साखर ढवळली. गिल्बर्टने आणखी एक मागवला, आणखी मोठ्याने वा म्हणाला. दुपार कलेपर्यंत हेक्टरचा तिसरा चहा झाला होता आणि गिल्बर्ट टेबलाशी वाद घालत होता.

मग तो उठला आणि तडक किनाऱ्यावर गेला. शर्यतीला जमलेलं सगळं गाव मागे. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने समुद्राला बजावलं, "परवानगीवाचून बाजारात घुसतोस. राणीच्या नावाने तुला अटक." समुद्राने त्याची टोपी नेली. हेक्टरने पाण्यातून आधी टोपी काढली, मग गिल्बर्टला, आणि ढकलगाडीत घालून त्याला घरी पोचवलं. ग्रिझेल दारात उभी होती.

"कुठला कैदी आणलास?"

"तुमचाच आहे, वहिनी."

दुसऱ्या दिवशी कोर्टात आरोपीला पुकारायचं काम पोलिसाचं. गिल्बर्टने दाराशी जाऊन स्वतःच्या नावाचा पुकारा केला, "हजर" म्हणाला आणि पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. एक आठवडा सक्तमजुरी झाली. पण कैद्यावर पहारा कोण करणार? गावात शुद्धीवर असल्याची खात्री असलेला माणूस एकच होता. अशा रीतीने हेक्टर टलक पगारी हंगामी पोलीस झाला. टोपी त्याच्या कानांवर उतरत होती.

सकाळी ग्रिझेलने पेज वाढली. कैदी म्हणून नवऱ्याला आधी. गिल्बर्टने मान खाली घालून पेज संपवली, पण त्याला मनातून बरं वाटलं.

भिंतीवर तो दगड रचू लागला. हेक्टर हाताची घडी घालून बघत होता.

"तो दगड उलटा बसलाय."

"दगडाला सुलटी बाजू असते होय?"

"पिंपाच्या फळ्या नाहीत या, हवालदार."

दुपारपर्यंत हेक्टरने दम धरला. मग त्याने टोपी काढून कैद्याच्या हातात दिली. "धरा. आणि तो हातोडा इकडे आणा."

आठवड्याच्या शेवटी ऑगिल्वी साहेब आले. पोलीस घाम गाळत दगड बसवतोय आणि कैदी टोपी मांडीवर घेऊन त्याला चुना कालवून देतोय, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, भिंतीकडे नजर टाकली आणि मिटलं.

"साहेब," गिल्बर्ट अजिजीने म्हणाला, "माझी शिक्षा उद्या संपतेय. अजून दहा हात राहिलंय."

साहेबांनी विचार केला. राणीच्या नावाचा समुद्रापुढे गैरवापर, हा गुन्हा चालवायचा राहूनच गेला होता. आणखी तीन आठवडे मिळाले.

पहिल्या वादळाआधी भिंत पुरी झाली. टोपी गिल्बर्टकडे परत आली. भिंत पाहून डनेडिन शहरातून कुणीतरी हेक्टरला नव्या चर्चच्या कामावर बोलावलं. त्याला निरोप द्यायला गिल्बर्ट धक्क्यावर गेला.

"एक विचारू, हवालदार? मी त्या दिवशी प्यालो असतो तर?"

"धरलं असतं तुला," गिल्बर्ट म्हणाला. "आणि मग ग्रिझेलला तोंड दाखवता आलं नसतं."

हेक्टरने मान हलवली, हत्यारांची पिशवी उचलली आणि बोटीत चढला. गिल्बर्टला पुढे बढती कधी मिळाली नाही, त्यानेही मागितली नाही. नव्या कैद्यांना कामावर पाठवताना मात्र तो आधी विचारायचा, "दगडाची सुलटी बाजू कळते का रे कुणाला?"