भोंग्यावर भरणारी शाळा

“मामा, आधी बसा,” फोनवर माझी भाची अमू म्हणाली. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, माझ्या शेडमध्ये, कूलरचा पत्रा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी माझी जुंपली होती, आणि भाव पटत नसताना कुणी मला बसायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. “काय झालं ते बोल,” मी ओरडलो. “बसले का?” तिनं पुन्हा विचारलं. पंधरा वर्षांची पोरगी. आवाजात ना रडणं, ना घाई. मी पत्र्यांच्या थप्पीवर टेकलो. मग ती म्हणाली, “आई गेली, मामा. सकाळी डोक्यात कळ आली, खालीच बसली. वणीले दवाखान्यात नेईस्तोवर… बाबा खाणीत होते, त्यायले वर बोलावलं. राहुल माह्याजवळ हाय. तुम्ही गाडी चालवू नका, कोणाले तरी संग घ्या.” फेब्रुवारी सरत आला होता, ऊन नुकतं चटके देऊ लागलं होतं. माझी धाकटी बहीण रत्नमाला, आमची रत्ना, चाळिशीही न गाठता गेली. वणीजवळच्या राजूरला, तिच्या घरी पोचेपर्यंत मी गाडीत रडत होतो, आणि त्या रडण्यातही एक गोष्ट मनातून जात नव्हती, ती म्हणजे त्या पोरीनं मला बातमी ज्या रीतीनं सांगितली ती रीत.

आम्ही मूळचे नेरचे. बाप कापसाच्या बाजारात हमाल होता. मी सातवी पास झालो त्या उन्हाळ्यात त्याची पाठ कायमची गेली आणि माझी शाळा सुटली. आधी कुल्फीची हातगाडी, मग पत्र्याच्या पेट्या, मग कूलर. सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही, आणि माझ्याशी घासाघीस करून घरी गेलेला माणूस दोन दिवस तरी माझ्या नावानं बोटं मोडतो, हे मला ठाऊक आहे. शिकली ती रत्ना. ती डी.एड. झाली तेव्हा मी नेरच्या चौकात पेढे वाटले. आमच्या आज्याला शाळेच्या ओट्याखाली बसवत. बाप सहीच्या जागी अंगठा द्यायचा. त्या घरातली पोरगी आता हजेरीपट घेऊन वर्गात शिरणार आणि सगळं गाव तिला बाई म्हणणार होतं. पण शिक्षकभरती निघालीच नाही. निघाली तेव्हा तिचा नंबर लागला नाही. लग्न झालं, नवरा विलास राजूरच्या कोळसा खाणीत कामाला, तिथंच दोन खोल्यांचं घर. तरी मी आशा सोडली नव्हती. आणि एक दिवस तिनं काय करावं? दुसरीतल्या अमूला शाळेतून काढून घरी बसवलं!

कारण ऐकाल तर हसाल. वर्गात बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुझे बाबा काय करतात? अमू म्हणाली, “झोपतात.” सगळा वर्ग हसला. पोरगी खोटं बोलत नव्हती. खाणीत पाळ्या फिरत्या असतात. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक रातपाळी. पोरगी शाळेत जाताना बाप झोपलेला आणि परत येईपर्यंत दुसऱ्या पाळीला गेलेला. रातपाळीच्या आठवड्यात तर घरात पाऊलही चोरून टाकायचं. अमू घरी आली, झालेलं सांगितलं, जेवली आणि विसरूनही गेली. रत्ना विसरली नाही. त्या वर्षाची परीक्षा होऊ दिली आणि सुट्टी लागताच तिनं पुढच्या खोलीत फळा ठोकला.

मी यवतमाळहून तडक राजूर गाठलं. “पोरगी शाळेतून काढली? आपल्या घरात? तुले काही लाज?” शेजारपाजारचे दारात जमावेत इतक्या जोरानं मी बोलत होतो. रत्ना चहा गाळत राहिली. “काढली नाही दादा, जागा बदलली. फळा पाह्यला का? सागाचा हाय.” मी म्हणालो, “तुले मास्तरीण करायले मी हातगाडी कायले ओढली?” त्यावर ती कपबशी माझ्यापुढे ठेवत म्हणाली, “झाली ना मी मास्तरीण. विद्यार्थी कमी हायत, तेवढं सांभाळून घे.” मी चहा न पिता उठलो. हे भांडण सात वर्षं चाललं. दर भेटीत मी ते नव्यानं काढायचो, ती नव्यानं चहा करायची. ती काही हरली नाही आणि मला जिंकूही दिलं नाही… बोलणी अर्धवट टाकून उठून गेली. एवढी वर्षं धंदा करतोय, असं माझ्याशी दुसऱ्या कुणी केलं नाही. हा राग माझ्या मनात आहे आणि राहील.

पण त्या घरात गेलं की जे दिसायचं ते दिसायचंच. शाळा खाणीच्या भोंग्यावर भरायची. विलासची पहिली पाळी असली की पहाटे तो डबा घेऊन निघे तेव्हाच पोरं फळ्यापुढे बसत आणि तो परत येईपर्यंत मोकळी होत. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळभर बाप-लेकरं एकत्र, आणि अभ्यास तो कामावर गेल्यावर. रातपाळीत शाळा अंगणातल्या कडुनिंबाखाली जाई, कारण आत बाप झोपलेला. राहुल, म्हणजे अमूचा धाकटा भाऊ, तर शाळेत गेलाच नाही. चार-पाच वर्षांचा असताना तो दारावरच्या फेरीवाल्याला ओठावर बोट ठेवून सांगायचा, “हळू वरडा, बाबा रातपाळीचे हाय.” विलास खाणीच्या आत कसं उतरतात, वर छताला आधार कसा देतात, हवा कुठून येते, हे सगळं जेवताना पोरांना सांगे, दुसऱ्या दिवशी रत्ना त्याचंच भूगोल आणि विज्ञान करी. शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला एक गुरुजी आले होते. रत्नानं त्यांना बसवलं आणि म्हणाली, “विचारा काय विचारायचं ते.” गुरुजींनी कोळसा कसा तयार होतो ते विचारलं. राहुलनं सांगायला सुरुवात केली आणि गुरुजींचा चहा गार झाला.

तिच्या शाळेची सगळ्यात वेगळी रीत होती उन्हाळ्याचा सौदा. मार्च संपत आला की ती चटई अंथरायची आणि उन्हाळ्यात काय शिकायचं, काय सोडायचं, यावर पोरांना तिच्याशी घासाघीस करायची मुभा असे. ऊन चढायच्या आत किती अभ्यास, दुपारी झोप की वाचन, काडीवर सरगुंड्याच्या शेवया वळताना पाढे म्हणायचे की गाणी. हे तिनं माझ्याकडूनच उचललं होतं, आणि वर तोंडावर सांगायची, “सौदा करणं मामाकडून शिका, पण मामासारखा करू नका.” नियम एकच. ज्याचा आवाज चढला तो हरला. एका वर्षी राहुलनं शुद्धलेखनातून सुटका मागितली. रत्ना नाही म्हणाली. तो आवाज न चढवता म्हणाला, “मंग शेजारच्या आजीले रोज पेपर वाचून दाखवतो. चुकलो तं आजी सांगन. आजी तुह्यापेक्षा कडक हाय.” रत्नाला सौदा मान्य करावा लागला. मी त्याच वर्षी मधे पडलो होतो. अमूला इंग्रजीची शिकवणी लावा, म्हणून. पहिल्याच नकाराला माझा आवाज माळ्यापर्यंत गेला आणि दोन्ही पोरं एकदम टाळ्या वाजवत ओरडली, “मामा हरले!” बाजारात माझ्यापुढे भले भले टिकत नाहीत आणि बहिणीच्या चटईवर मी दरवर्षी हरत आलो.

दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षा चालू असत तेव्हा ही दोघं आठवडाभर लोहाऱ्याला माझ्या शेडमध्ये असत. लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे जातात. रत्ना म्हणायची, तेव्हा मामा नुसता घामाघूम, बोलायला नाही. त्याआधी, काम चढत असताना जावं, म्हणजे काही पाहायला मिळतं. पोरं कूलरच्या बाजूच्या ताट्यांत गवत भरत, पंप लावून पाहत, गिऱ्हाइकांची बोलणी ऐकत. एकदा एका गिऱ्हाइकानं अमूला विचारलं, “काहून वं पोरी, शाळा नाही का आज?” ती म्हणाली, “चालू हाय ना काका. तुमचाच तास सुरू हाय. तुम्ही दारापर्यंत जाऊन दोनदा वापस आले, म्हणजे कूलर तुम्हाले पाहिजेच हाय.” गिऱ्हाईक हसत सुटलं आणि कूलर घेऊन गेलं. मी संध्याकाळी रत्नाला फोन करून पोरीची तक्रार केली. ती म्हणाली, “तक्रार हाय तं हसून कायले राह्यला?”

तिच्या पुण्यानुमोदनाला राजूरच्या विहारात माणसं मावली नाहीत. वस्तीतली किती तरी पोरं सुट्टीत तिच्या फळ्यापुढे बसून गेली होती, त्यांचे आईबाप आले होते. आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्या नात्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, रत्नमाला गुणी होती, पण स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाशी तिनं खेळ केला, आता तरी नातेवाईकांनी ही चूक सुधारावी. मी माईक हिसकावला असं नंतर लोक सांगत होते. हिसकावला नाही, मागितला. जोरात मागितला. म्हणालो, “हे बोलायचा हक्क माहा हाय. सात वर्षं मी तिच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर भांडलो. तुम्ही एक दिवस तरी गेले का? पोरायले एक प्रश्न तरी विचारला का?” मागे वळून पाहिलं तर अमू मला हातानं खूण करत होती, आवाज खाली.

आणि तरीही, मार्चअखेरीस मी राजूरला गेलो तो तेच ठरवून, जे मुख्याध्यापक म्हणाले होते. माझ्या तोंडून निघालं तर ती गोष्ट वेगळी. दोघांना यवतमाळला माझ्या घरी न्यायचं, जूनमध्ये शाळेत घालायचं. विलासची आई गावाहून राहायला आली आहे, पण पाळ्या काही थांबत नाहीत. विलास म्हणाला, “दादा, मी काय सांगू? ती असती तं पोरायले विचारलं असतं. तुम्ही बी त्यायलेच विचारा.” तोवर राहुलनं चटई अंथरली होती. “नियम तोच ना, मामा?” मी म्हटलं, तोच.

मी सगळं पुढे मांडलं. स्वतंत्र खोली, सायकल, चांगली शाळा. अमूनं शांतपणे विचारलं, “अन् बाबा?” मी म्हणालो, “सुट्टीले येतीन ना.” “म्हणजे राहुल बाबाले सुट्टीतच पाहीन,” ती म्हणाली. “आईनं याच्यासाठीच तं सगळं केलं.” मी दहावीचं काढलं. “सतरा नंबरचा फॉर्म भरीन, बाहेरून बसीन. आईचं ठरलंच होतं.” आणि राहुल? “मी शिकवीन.” तेव्हा माझा ताबा सुटला. “पंधरा वर्षाची पोरगी घर पाहीन, दहावी करीन अन् भावाले शिकवीन? मी सातवीत शाळा सोडली, माहीत हाय का? आजही कोणी इंग्रजीतला कागद पुढं केला का चष्मा घरी राह्यला म्हणतो. हसत हसत कोणाले तरी वाचाले देतो मी! तुमच्यावर ती पाळी येऊ देऊ?”

हे मी रत्नाशीही कधी बोललो नव्हतो. मग राहुल अगदी हळू म्हणाला, “तुम्ही हरले, मामा.” विलासला हसू फुटलं… रत्ना गेल्यापासून पहिल्यांदा. अमू मात्र हसली नाही. ती म्हणाली, “आम्ही इथंच राहू. पण आमची एक अट हाय. मी दहावीले बसीन, तं तुम्ही बी बसा. दोन फॉर्म भरू.” मी उडालोच. बावन्न वर्षांचा माणूस! पण हरलेल्याला नाही म्हणता येत नाही, आणि दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. तरी सवयीनं घासून पाहिलं. “परीक्षा मार्चात असते. मार्चात कूलरवाला दुकान सोडून पेपर लिहीन का? जुलैची देतो.” राहुल म्हणाला, “जुलैत नापास झालेले बसतात, मामा.”

तेव्हा पुढल्या मार्चात ऐन हंगामात माझ्या शेडला कुलूप असेल. माझ्या गिऱ्हाइकांनी हे आत्ताच वाचून ठेवावं आणि कूलर फेब्रुवारीत घेऊन जावेत. आम्ही मामा-भाची पेपरला जाणार आहोत.

आठवड्यातून एकदा मी राजूरला जातो. पुढच्या खोलीत रत्नाचा तो सागाचा फळा आहे, खाली तिचं खडू ठेवायचं टमरेल. बरोबर उत्तराला शाबास म्हणायची तिला सवय नव्हती. उत्तर आलं की ती खडू पुढे करायची, आता हे दुसऱ्याला समजावून दे, म्हणायची. अमूनंही तेच चालवलंय. गेल्या खेपेला एक समीकरण मला सुटलं. मी वही तिच्यापुढे सरकवली आणि कौतुकाची वाट पाहत बसलो. तिनं खडू माझ्या हातात दिला. उठलो. आम्हा भावंडांत फळ्यापुढे आजवर एकटी रत्नाच उभी राहिली होती. राहुल समोर मांडी घालून बसला, विलास दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीनं दारात बूट चढवत होता. मी समीकरण फळ्यावर लिहायला घेतलं, पहिली ओळ सरळ आली.

“थांबा, जावईबापू,” मी म्हणालो, “हे आयकून जा.”