साडूंची हाक

माझ्या साडूंइतका सिनेमावर रागावलेला आणि तरीही एकही सिनेमा न चुकवणारा माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात सापडायचा नाही. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. पण झाडांना पाणी लावतानाही त्यांचा वाद चालू असतो तो पडद्याशी. "साडूभाऊ, आपल्याकडचा माणूस सिनेमात आला की एकतर भूत बघतो, न्हायतर स्वतः भूत असतो. जेवून ढेकर देणारा एक तरी दाखवलाय?" हा प्रश्न ते थिएटरात मध्यंतराची वाट न पाहता विचारतात. मालवणी बोलणारा विनोदी नोकर दिसला की उभे राहून "हा आमच्या जिल्ह्यातला न्हाय!" असं जाहीर करतात. एकदा मागच्या बाईंनी विनवलं होतं, "काका, बसा हो, नायिका मरतेय." पूर्वी माझी मेहुणी त्यांचा शर्ट ओढून त्यांना खाली बसवायची. ती गेल्यापासून त्यांना बसवणारं कोणी उरलं नाही.

अशा माणसाच्या घरीच गेल्या वर्षी शूटिंग आलं. बायको गेलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट, बहुतेक सगळी घरातच घडणारी. दिग्दर्शिका तरुण, अदबीची, आणि 'प्रतिनिधित्व' हा शब्द चहात साखर घालावी तसा प्रत्येक वाक्यात घालणारी. समाचाराला येणाऱ्यांत तिला गावातला प्रत्येक समाज हवा होता. साडूंनी कोळीवाड्यातून, मोहल्ल्यातून, आदिवासी वाडीवरून माणसं गोळा केली. "ग्रामपंचायतीच्या आरक्षणासारखंच हाय," ते मला म्हणाले, "फक्त हिथं सगळ्यांनी एकदम रडायचं." त्यांच्याकडे मासळी घालणारी कोळीण मात्र फटकन बोलली, "वैनी गेली तवा आमी न बोलावता आलतो. आता बोलावून रडवताय व्हय, दादा?"

मग मुंबईचा नट झोपाळ्यावर बसला आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहत भरल्या गळ्याने म्हणाला, "सुलभा, तू गेलीस आणि हे घर रिकामं झालं."

"कट!" साडू ओरडले. हा हक्क दिग्दर्शिकेचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. "बायकोला नावानं हाक? आमच्या हिच्या नावाचा उच्चार मी केला तो लग्नातल्या उखाण्यात. एरवी आमचं 'अगो'. 'अगो, चहा टाक.' संपलं."

"आणि त्या गेल्यावर, काका?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"तोंडात येतंच. सून घाबरते, म्हणून गिळतो."

नटाने बराच वेळ 'अगो' म्हणून पाहिलं. दर वेळी तो नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेला हाक मारत होता. शेवटी दिग्दर्शिका म्हणाली, "तुम्हीच मारा हाक. दिसणार नाही तुम्ही, नुसता आवाज." आपला माणूस पडद्यावर दिसावा म्हणून जन्मभर भांडलेले साडू न दिसायला तात्काळ तयार झाले. ते ओटीवर उभे राहिले आणि आत पाहून, अगदी रोजच्या सुरात म्हणाले, "अगो, ऐकलंस? चहा टाक."

सून दारात उभी होती. ती घाबरली नाही. डोळ्यांना पदर लावून आत गेली.

"अजून एकदा घेऊ या का?" दिग्दर्शिकेने हळूच विचारलं.

"न्हाय. दोनदा हाक मारायची वेळ तिनं कधी आणली न्हाय."

सिनेमा अलिबागला लागला तेव्हा मी त्यांच्या शेजारी होतो. अंधारात पडद्यावरून त्यांचा आवाज आला आणि विरला. दिग्दर्शिकेने हाकेनंतरची शांतता तशीच राहू दिली होती, चांगली लांब. मागे कोणीतरी खोकलं. साडूंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मान किंचित पुढे करून ते ऐकत राहिले.