शालूचा काठ

डिंकाचा वास आला की कोल्हापुरातलं आमच्या कॉलेजचं चित्रप्रदर्शन आठवतं. महापुरावरच्या माझ्या कोलाजमध्ये नदीच्या जागी मी आईच्या लग्नातल्या शालूचा काठ चिकटवला होता. तो पुरात भिजून डागाळला होता, तरी तिनं जपून ठेवलेला, आणि मी तिला न विचारता कापला होता. ती शिरोळहून अचानक प्रदर्शनाला आली. तेवढ्यात परीक्षकांनी विचारलं, "हा काठ कशाचं प्रतीक?" पाठ केलेलं उत्तर मी सुरू करणार तोवर आईच पुढं झाली, "परतीक कसलं? माझा शालू हाय त्यो." तिनं चिखलाच्या डागावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "इचारलं असतंस तर पदर दिला असता की." आता मीच कोलाज शिकवतो. कुणी घरातलं काही कापायला घेतलं की मी आधी विचारतो, "घरी विचारलंस का?"