अठ्ठेचाळीस तासांचं अंडं

माझी भाची फ्लॉसी ही कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी आमच्या वटारमधली पहिली मुलगी. मी चौथी पास, तीही दुसऱ्या खेपेला. त्यामुळे १९५३ साली तिला मदत करायला माझ्याएवढा लायक माणूस गावात दुसरा नव्हता, असं माझं ठाम मत होतं.

सोमवारी तिला कोंबडीच्या अठ्ठेचाळीस तासांच्या गर्भाची काचपट्टी दाखवायची होती. नाहीतर प्राध्यापक वहीवर सही देणार नव्हते, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. म्हणून तिने आमच्या खुडूक कोंबडीखाली वेगवेगळ्या वेळी नऊ अंडी ठेवली आणि प्रत्येकावर पेन्सिलीने वार आणि वेळ लिहिली.

रविवारी ती चर्चमध्ये मिस्साला गेली. मी पहाटेची मिस्सा उरकून कोंबडीला दाणे घालायला गेलो, तर काय, एकाही अंड्यावर क्रूस नाही! आमच्याकडे उबवायच्या अंड्यावर कोळशाने क्रूस काढतात. नाहीतर गडगडाटाने पिल्लं आतल्या आत मरतात म्हणे. मी ओल्या फडक्याने ते पेन्सिलीचं गिचमिड पुसलं आणि नऊ ठसठशीत क्रूस काढले.

"मामा, हे कुणी केलं?"

"मी! आभार नंतर मान."

ती एकेक अंडं फिरवून बघू लागली. "आता दोन दिवसांचं कुठलं नि तीन दिवसांचं कुठलं, कोंबडीला विचारू?"

"तिलाच विचार," माझी बायको हेलन दारातून म्हणाली. "या घरात तिला जास्त कळतं."

फ्लॉसीने बशीत कोमट मिठाचं पाणी घेतलं आणि एक अंडं फोडलं. भिंग माझ्या हातात दिलं. गर्भ करंगळीच्या नखाएवढासुद्धा नव्हता.

"मधली रेघ दिसते? तो पृष्ठरज्जू. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांच्या पाठीत आधी हा येतो. मणके मागून, त्याच्याभोवती."

"म्हणजे केळी लावताना आपण आधी दोरी ताणतो, तशी! ओळ लागली की काढून घ्यायची."

"अगदी तसंच. पण थोडा उरतो, मणक्यांमधल्या गादीत."

"माझ्याही?"

"तुमचा कणा म्हणजे तेवढाच असेल," हेलन.

फ्लॉसी हसली नाही. ती भिंगातून टक लावून बघत होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठोकळ्यांच्या जोड्या होत्या. "वय वाढतं तशा या वाढतात. मामा, तुम्ही तास पुसलेत, हे कुठे पुसलंत!"

पहिल्यात बारा जोड्या, लहान. दुसऱ्यात छत्तीस, मोठा. तिसरं अंडं पोकळच निघालं, आत गर्भच नाही. चौथ्यात पंचवीस, पुस्तकात अठ्ठेचाळीस तासांना सांगितल्यात साधारण तेवढ्याच. तिने दोनदा मोजल्या, आणि तो गर्भ काचेवर घेईपर्यंत मला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही.

सोमवारी सही मिळाली. अंड्यावर वेळ नसताना वय कसं ओळखलंस, असं प्राध्यापकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मामांमुळे शिकले." पुढे तीस वर्षं तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि तितकी वर्षं मी तिचं हे वाक्य गावभर सांगत फिरलो. मामांमुळे म्हणजे नेमकं कसं, असं कुणी विचारलं, की मात्र मला कमी ऐकू येतं.