गच्चीवरची बाराखडी

वाफसा आल्याशिवाय पेरू नये, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. जमीन ओली आहे म्हणून घाई केली की बी कुजतं. शुभदा आमच्याच गावची. लग्न होऊन गाझियाबादला गेली, चौथ्या मजल्यावर राहू लागली, तरी हे शहाणपण तिच्याबरोबर गेलं. कुंडीपुरतीही जमीन नसलेल्या घरात तिने ते वापरलं, याचा आम्हाला अभिमान आहे.

तिला दोन मुलं. थोरली इशिता बाकावर बसली की पुस्तकात बुडून जाते. तिला शाळा मानवली. धाकटा मानस बसतच नाही. पहिलीत त्याच्या डायरीत बाईंनी लाल शाईत तीन वेळा लिहिलं, ‘बैठता नहीं है।’ वर्षभरात त्याने एक अक्षर गिरवलं नाही, आणि पोट दुखतं म्हणून रोज सकाळी रडायला लागला. तेव्हा शुभदाने त्याला घरी ठेवलं.

तिने आधी पंधरा दिवस काहीच शिकवलं नाही. नुसतं पाहिलं. भाजीच्या ठेल्यापर्यंत जाताना मानस बोलतो, मोजतो, शंभर प्रश्न विचारतो. खुर्चीत बसवला की मुका होतो. मग तिने खडू घेतला आणि गच्चीवर खाटेएवढा ‘क’ काढला. मानस त्यावरून चालला. वळणावर वळला, उभ्या रेषेवर धावला, आणि खाली उतरताना जिन्याच्या भिंतीवर बोटाने ‘क’ काढत आला.

तेव्हापासून रोज सकाळी सातला गच्चीवर शाळा भरायची. पाढे पायऱ्यांवर, अक्षरं फरशीवर. पाणी सोडायला वर येणारा चौकीदार आता अक्षरं ओलांडून चालायचा.

पण सासरे अंबादास अण्णा चाळीस वर्षं इस्लामपूरकडे मास्तर होते. त्यांना हे पटेना. फोनवर म्हणाले, “शुभदा, पोरगं आहे, शेळी नव्हे. मोकळं सोडून शिकत नसतं.”

“या दिवाळीपर्यंत थांबा अण्णा. त्याला वाचता आलं नाही, तर घेऊन जा तुमच्याकडे. मी अडवणार नाही.”

बोलून गेली, आणि त्या दिवसापासून दिवाळीचे दिवस मोजू लागली. अण्णा दिवाळीला आले ते परतीची दोन तिकिटं काढूनच. एक स्वतःचं, एक मानसचं.

पाडव्याच्या सकाळी त्यांनी पुस्तक मागितलं. आणि इथे शुभदा चुकली. तिने मानसला न्हाऊ घातलं, भांग पाडला, नवा सदरा चढवला आणि स्वतःच्या हाताने खुर्चीत बसवलं. इतके महिने जे टाळलं तेच भीतीपोटी केलं. मानसने पानाकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग आईकडे.

अण्णांनी पुस्तक मिटलं. रागावले नाहीत. “त्याचे गरम कपडे भरायला नकोत, तिकडे थंडी कमी असते,” एवढंच म्हणाले. शुभदाचा नवरा श्रीरंग खिडकीबाहेर बघत राहिला.

मानस गच्चीवर पळाला. तिथे त्याचा किल्ला होता. रोपवाटिकेतून आणलेल्या दोन पोती मातीचा, बुरुज असलेला, वर मावळे, पायथ्याला गाव आणि गावात चार मातीच्या गाई. आपल्याकडे दिवाळीत घरोघरी असतो तसाच.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या तोमर आंटी वाळलेले कपडे काढायला वर आल्या. त्या मुलखात त्या दिवशी गोवर्धन पर्वत करून पुजतात. शेणाचा नाहीतर मातीचा डोंगर, खाली गाई. आंटींना वाटलं, मराठी बाईने सगळ्यांसाठी तयारीच करून ठेवली. त्या खाली जाऊन ताट घेऊन आल्या. लाह्या, बत्तासे वाहिले आणि डोंगरावर लोटीभर दूध ओतलं. दोन मावळे वाहून गेले.

“आंटी, ये किला है,” मानस म्हणाला.

“हाँ बेटा, भगवान का ही है। शाम को सब को लेकर आऊँगी, परिक्रमा करेंगे।”

मानस पायऱ्या उतरून आला, रद्दीतला पुठ्ठा आणि खडू उचलला, पुन्हा वर गेला. घरात कुणी विचारलं नाही.

उन्हं उतरल्यावर गच्चीवर हसण्याचा आवाज आला म्हणून अण्णा वर गेले, मागोमाग शुभदा. पाच-सहा बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. किल्ल्यापुढे पुठ्ठा रोवलेला, त्यावर वाकडी, मोठी अक्षरं: ‘आंटी पूजा मत करो. यहा लडाई चालू है.’

“पढ़ा-लिखा पहरेदार रखा है, भई,” तोमर आंटी म्हणाल्या. “चलो, अपना गोबर वाला नीचे ही बनाते हैं।”

त्या गेल्यावर अण्णांनी विचारलं, “इशिताने लिहून दिलं?”

“ती मैत्रिणीकडे आहे. मी लिहिलं. सगळ्यांनी दूध ओतलं असतं तर गड बिल्कुल खतम.”

अण्णांनी पुठ्ठा पुन्हा एकदा वाचला. मग खडू मागून घेतला आणि गुडघ्यावर हात टेकत, वाकून, फरशीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत एक ओळ लिहिली. शुभदाने पदर मुठीत धरला. मानस ओळीच्या सुरुवातीला उभा राहिला आणि अक्षरामागून अक्षर चालत गेला.

“ग... डा... वर. गडावर कोण आहे?”

थांबला नाही. खडू घेऊन खाली उत्तर लिहिलं: ‘मावले.’

अण्णांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तसाच परत आला. ते शुभदाकडे वळले. “पोरी, ळ शिकवला नाहीस?”

“इकडे कुणी म्हणत नाही अण्णा. राहून गेला.”

“हं.” त्यांनी श्रीरंगला हाक मारली. “माझं तिकीट आठ दिवस पुढचं काढ. त्याचं रद्द कर.”

मग चप्पल काढली, आणि मावळतीच्या उजेडात म्हाताऱ्या मास्तरांनी खाटेएवढा ‘ळ’ काढायला घेतला. पहिला गोल पुरा व्हायच्या आधीच मानस त्यावरून चालू लागला.