पासोडी

बाबा रागावले की हिंदीत रागवायचे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढल्यावर राग तरी मराठीत कुठून येणार! म्हातारपणी मात्र स्मृती विरत गेली तशी त्यांची हिंदी गळून पडली. उरली ती गावाकडची मराठी. दिल्लीत वाढलेल्या मला तीच धड कळत नव्हती.

ऐन थंडीत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, एका दुपारी ते पलंगावर कुडकुडत म्हणाले, “पासोडी… पासोडी.”

कवळी काढलेली. मला ऐकू आलं ‘पास ओढ’. आमच्या घरची भाषा अशीच खिचडी, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढून बसले.

“खुर्ची कशाला? थंडी वाजतेय मला. पासोडी!”

म्हणजे अंगावर घ्यायचं काहीतरी. रजई दिली, ती लाथेने खाली. शाल, ब्लँकेट, सगळ्यांची तीच गत. आठवडा झाला, अंगावर काही घेईनात. खोकला छातीत उतरला आणि मी पार भंजाळून गेले. माणूस थंडीने काकडतोय आणि त्याला हवं ते काय, हेच मुलीला कळू नये!

हातमागाच्या प्रदर्शनात गेले. “भैया, पासोडी है?”

“वो क्या होती है, मॅडम? खेस ले जाइए. पानीपत का है, हाथ का बुना.”

जाड, सुती, मऊ पांघरूण. आणलं. बाबांनी ते चिमटीत चोळून पाहिलं. मला वाटलं, जमलं.

“छान आहे,” ते म्हणाले, “पण कुणाचं आहे हे? ज्याचं त्याला देऊन ये.”

शेवटी गावी आत्याला फोन केला. इतके दिवस का केला नाही? लाज वाटत होती, दुसरं काय.

“अगं, हातमागावरची जाड चादर, मधोमध शिवण घातलेली,” ती म्हणाली. “तुझा बाप नोकरीला दिल्लीला निघाला तेव्हा आमच्या आईनं दिलेली. काठाला तांबडी रेघ. टाकलीत की काय?”

माझी नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली. चार घड्या घालून तिथे पसरलेली आमची इस्त्रीची चादर. जाड आहे म्हणून आईनेच कधीतरी तिथे घातलेली. शाळेच्या युनिफॉर्मपासून मी तिच्यावरच इस्त्री करत आले होते. काठाला फिकट तांबडी रेघ होती.

झटकून त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मला रडूच आलं. मग त्यांची बोटं एका जागी थबकली. तिथे इस्त्रीचा तपकिरी डाग होता.

“हे कुणी जाळलं?”

“मी, बाबा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “आईला सांगू नकोस हं.”

कुणाच्या आईला, त्यांच्या की माझ्या? आणि मी त्यांना कोण वाटत होते? काहीच कळेना. दोघींपैकी एकही आता नव्हती.

“नाही सांगणार,” मी म्हणाले.