ताराची पेनिसिलिनची सुई

पारोळ्याची तारा लग्न होऊन सुरतेला आली, ती एक गोष्ट सासूपासून दडवूनच. लहानपणी घसा धरल्यानंतर तिला सांधे सुजणारा ताप आला होता. तो उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनची सुई घ्यावी लागे. हे नवऱ्याला, योगराजला ठाऊक होतं, सासूला नव्हतं.

योगराज लूमवर, कापडाच्या मागावर कामाला. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या खोलीत सासूसुना साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. "आता धडधाकट आहेस, कशाला टोचून घेतेस?" योगराज एकदा म्हणाला. तारालाही तेच हवं होतं. औषध दुधासारखं दाट, टोचल्यावर धड बसवत नसे. तिनं सुई सोडली.

थंडीत घसा दुखला, मिठाच्या गुळण्यांवर भागवला. पुढे गुडघे सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. सासू सुभद्राबाई तिला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून विचारलं, "लहानपणी असं झालं होतं?" तारानं सगळं सांगून टाकलं, योगराजच्या म्हणण्यावरून सुई सोडली तेही.

"घशातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून आपल्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर उठतं," बाई म्हणाल्या. "म्हणून त्या जंतूला थाराच द्यायचा नाही. त्याच्या अंगाभोवती भिंत असते. पेनिसिलिन ती नीट बांधू देत नाही, मग वाढता वाढता तो फुटतो. आपल्या पेशींना तसली भिंत नसते. ही सुई स्नायूत हळूहळू विरघळत राखण करते. खंड पडला की राखण संपली."

घरी आल्यावर सुभद्राबाईंनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सोयरीक मोडली असती."

"मोडलीच असती, मीच मोडली असती," सुभद्राबाई म्हणाल्या. "पण आता तू या घरची आहेस."

संध्याकाळी योगराज आला. "तू डॉक्टर कधी झालास रे?" एवढंच सुभद्राबाईंनी त्याला विचारलं. तो मान खाली घालून जेवला.

त्यानंतर सुभद्राबाई दर खेपेला सोबत जात. नर्स आधी हातावर थोडं औषध टोचून रिअ‍ॅक्शन येत नाही ना ते बघे, मग सुई देई. सुई झाल्यावरही दोघी बाकावर बसून राहत. त्या तापानं हृदयाची एक झडप थोडी गळकी झाली ती झालीच, पण ताप पुन्हा उलटला नाही. पुढे मुलीच्या, गायत्रीच्या वेळी दिवस गेले तेव्हाही सुई चालूच होती.

"सुनेला काय झालंय हो?" शेजारच्या इंदुबाईनं नळावर विचारलं.

"हृदयाची झडप गळते. औषध चालू आहे," म्हणत सुभद्राबाईंनी हंडा नळाखाली लावला.